हातावरचा नीलकंठ

नीलकंठाचा गळा निळा नसतो. बोडीटोल्याच्या मुखरूला हे ठाऊक होतं आणि त्याचा सिंदेवाहीचा मित्र नईम, त्याला ठाऊक होतं. बाकी गाव दर दसऱ्याला त्या पाखरापुढे हात जोडायचं, पण गळ्याकडे निरखून पाहायची कोणाला सवड नव्हती. बसलेला नीलकंठ म्हणजे मातकट, जाड डोक्याचं, तोंड पाडून बसलेलं पाखरू. उडाला की मग पंखांत दडवलेली निळाई अशी उघडते, की पेंगणाऱ्या मांडवात बुवांनी एकदम वरच्या पट्टीत तान घ्यावी आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी खडबडून उठून टाळी धरावी. ही उपमा मुखरूचीच. त्याला वेड दोन गोष्टींचं, एक कीर्तनाचं न दुसरं पाखरांचं, आणि त्याच्या लेखी दोन्ही वेडं एकच होती. तो म्हणायचा, जागेवर बसाचं, मन लावाचं, मधात आपन तोंड घालाचं नाई.

गावामागं बोडी होती, म्हणजे लहानसा तलाव, आणि बोडीच्या पाळीला, तिच्या मातीच्या बांधाला, लागून मुखरूचं भातशेत, धानाची बांधी. रोज पहाटे तो पाळीवर जायचा. गळ्यात नईमनं दुरुस्त करून दिलेली दुर्बीण. तिची डावी नळी आंधळी होती, म्हणून मुखरू एक डोळा मिटून जग पाहायचा. नईमचं सिंदेवाहीच्या बाजारात घड्याळ, रेडिओ, टेप दुरुस्तीचं दुकान होतं. दर रविवारी तो सायकलनं यायचा, डब्यात जमीलाभाभीनं दिलेला शिरा असायचा, आणि दोघं पाळीवर उकिडवे बसून तासन्‌तास एक शब्द न बोलता पाहत राहायचे. कमळपानांवर नाचणारी पाणपाखरं, सिंदीच्या झाडाला लोंबणारे सुगरणीचे खोपे, आणि कोपऱ्यातल्या विजेच्या खांबावरची नीलकंठांची जोडी. जोडीतला नर कोण न मादी कोण, हे दिसून कळत नाही. मुखरूनं आपलं ठरवून टाकलं होतं: ज्याच्या शेपटीतलं एक पीस तिरकं, तो नर. पाळीवरच्या वाळक्या मोहाच्या ढोलीत दर उन्हाळ्यात ती पिल्लं काढायची. मुखरू त्या झाडाला कुऱ्हाड लागू द्यायचा नाही. गावात सरपणाची ओढ असूनही त्या मोहाकडे कोणी वाकड्या नजरेनं पाहिलं नव्हतं.

दसऱ्याला सोनं लुटायला निघण्याआधी नीलकंठाचं दर्शन घ्यायचं, ही गावची जुनी रीत. त्या सकाळी सगळं गाव नवे कपडे घालून पाळीवर यायचं, आणि सगळ्यांच्या पुढे मुखरू. तो बोट वर करी, गाव बोटाच्या रोखानं पाही. सरपंचसुद्धा त्याच्या मागं उभे राहत. पाखरू उडेपर्यंत कोणी हलायचं नाही, हा मुखरूचा नियम, आणि पंख उघडले की शेकडो हात एकदम जोडले जायचे. वर्षातून एक सकाळ मुखरू गावाचा पुजारी होता.

नव्वदच्या दशकातली शेवटशेवटची वर्षं असतील. नवरात्रात कीर्तनाला भैयाजी महाराज आले. मुखरूनं बापाच्या मांडीवर बसून ज्यांचं कीर्तन ऐकलं होतं, तेच हे महाराज. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, गुडघे सुजून भोपळ्याएवढे, दोघांनी धरल्याशिवाय उठता येत नव्हतं. आवाज मात्र तसाच, तापवलेल्या तुपासारखा. नवमीच्या संध्याकाळी त्यांनी विष पचवणाऱ्या महादेवाचं आख्यान लावलं, आणि सांगता सांगता सहज बोलून गेले, की उद्या तुम्ही नीलकंठ पाहाल, बाबांनो, माझ्यासाठीही पाहा. माझ्या डोळ्यांचा दसरा होऊन गेला.

मांडव गलबलला. मुखरूला तर राहवेना. तो उभा राहिला आणि म्हणाला की उद्या महाराजांना दर्शन घडवणं माझ्याकडे. मागून कोणीतरी टोमणा मारला, महाराजाले का खांद्यावर घेऊन पाळीवर नेतो का, लेका? मांडव हसला. आणि त्या हसण्यापायी मुखरूच्या जिभेवरून घसरलं ते घसरलंच:

"महाराज कायले येतीन? नीलकंठच येईन. माह्या हातावर येऊन बसन. इतक्या वर्साची ओळख आहे."

महाराजांनी चिपळ्या कपाळाला लावल्या. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. आता शब्द मागं घ्यायला जागा उरली नाही.

घरी आल्यावर आशाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ताट वाढता वाढता विचारलं, की पाखरू का तुमचा साळा लागते, का बोलावलं की येईन? मुखरू जेवला नाही. तो उठून गावाबाहेरच्या इतवारीच्या झोपडीकडे गेला. इतवारी तितर-बटेर धरून बाजारात विकायचा. मुखरूनं त्याला पाळीवर कधी पाय ठेवू दिला नव्हता. त्याला दारात पाहून इतवारी खाटेवरून उठला आणि येण्याचं कारण ऐकून पुन्हा बसला.

नीलकंठ धरायची रीत सोपी होती. दोन बारक्या काड्यांना वडाचा चिक, जवसाच्या तेलात आटवलेला, लावायचा. काड्या जमिनीत रोवायच्या आणि मधात जिवंत नाकतोडा बांधायचा. पाखरू झेप घालतं, पंख काड्यांना लागतात आणि चिकटतात. पण इतवारीनं साफ सांगितलं, की चिक लागलेल्या पंखाचं काही खरं नसतं.

"दर्शन झालं का सोडून देऊ," मुखरू म्हणाला. "सांजेले तो मले खांबावर बसलेला पाहिजे. जसाच्या तसा. हे ध्यानात ठेवून धर."

इतवारी हसला. "सोडाले पकडते का कोनी, भाऊ? मी धरतो ते इकतो, नाईतर खातो. तुमचं गनित मले समजत नाई."

दसऱ्याची पहाट झाली. एरवी इतवारीला पाखराची चाल ओळखायला दोन-तीन दिवस लागले असते. इथं चाल सांगायला मुखरू होता. खांबावरून तिरक्या पिसाचा आधी उतरतो. उतरतो तो कापलेल्या बांधीच्या पूर्वेच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कारण ऊन तिथं आधी येतं आणि किडे आधी हलतात. बसताना वारा तोंडावर घेतो. एक डोळा मिटून वर्षानुवर्षं जे जमवलं होतं, ते मुखरूनं एका दमात सांगून टाकलं, आणि काड्या कुठं रोवायच्या ते आपल्या पायाच्या अंगठ्यानं मातीत दाखवलं. इतवारीची बिडी संपायच्या आत पाखरू धुऱ्यावर फडफडत होतं. दुसरं खांबावरून उठलं आणि खर्र खर्र ओरडत बोडीवर गिरक्या घालू लागलं.

"हे दुसरंबी धरू का?" इतवारीनं विचारलं. मुखरू नाही म्हणाला. आपण दया केली, असं त्याला त्या क्षणी खरोखर वाटलं.

पायाला सुताची दोरी बांधून पाखरू हातावर घेऊन तो गावात शिरला, तेव्हा लोक नवे कपडे घालून पाळीकडे निघालेलेच होते. ते वळले. बोडी कोणाच्या ध्यानात राहिली नाही. बायांनी आधी कुंकू आणलं, ते पाखराच्या डोक्याला लावलं. कपाळ कुठं आहे ते न कळून काहींनी डोळ्यालाही लावलं. कोणी पेढ्याचा तुकडा चोचीत कोंबला. मग एका म्हातारीनं विचारलं, बाप्पा, निळा कुठी आहे याच्यात? हा तं मातीसारखा दिसते. तेव्हा कोणीतरी चिमटीत धरून पंख ताणला आणि निळाई दाखवली. आहाहा झालं. मागच्यांना दिसलं नव्हतं. पुन्हा ताणला. मग ज्याला त्याला स्वतःच्या हातानं ताणून पाहायचं होतं. पोराटोरांना उचलून उचलून दाखवलं गेलं. मुखरू सारखा म्हणत होता, हळू, हळू, पण हात मागं घेत नव्हता. घराघरातून बोलावणं येत होतं, मुखरूभाऊ, आमच्याही दारात या. पाटलांच्या ओसरीपर्यंत पोचेस्तोवर डावा पंख खांद्यातून लोंबायला लागला होता, दाराची कडी निघाल्यासारखा.

ओसरीवर महाराज लोडाला टेकून बसले होते. मुखरूनं गुडघे टेकले, हात पुढे केला. महाराजांची बोटं चाचपडत आली आणि पाखराच्या छातीवर थांबली. 

"आपल्या पायानं आला का रे?" महाराजांनी विचारलं. आवाज लहान लेकरासारखा होता. "बांधला-बिंधला तर नाही ना?"

मुखरूनं दोरी मुठीत दाबून धरली.

"नाई, महाराज. आपल्या मनानं बसून आहे."

गावानं ऐकलं. सरपंच होते, पाटील होते, मागं खांबाला टेकून इतवारी होता. कोणी चकार शब्द काढला नाही. म्हाताऱ्या संताच्या तोंडावर जे सुख फुललं होतं, ते मोडायचं पाप कोण घेणार? महाराज त्या छातीवर बोटं ठेवून बराच वेळ बसले. "किती धडधडतं हे," ते म्हणाले. "देवापुढे भक्ताचं काळीज असं धडधडलं पाहिजे."

दुपारी आशाबाईनं राख आणि जवसाचं तेल घेऊन चिक काढायचा खटाटोप केला. चिक निघाला की पीस निघायचं. थोड्या वेळात तिच्या पदरात निळ्या पिसांचा ढीग झाला. तिरकं पीस त्यातच होतं. मुखरूनं नाकतोडे पकडून आणले, चोच उघडत नव्हती. त्यानं बोटानं उघडली, किडा ठेवला, तो तसाच बाहेर आला. आशाबाईनं पदर झटकला.

"तुमाले देवानं पाहाले एकच डोळा ठेवला होता," ती म्हणाली. "तोही मिटला तुमी."

दिवस कलायला आला तसा तो पाखरू घेऊन पाळीवर गेला. मांडवात तबल्याची ठाकठोक सुरू झाली होती. त्यानं दोरी सोडली, महादेवाचं नाव घेतलं आणि पाखरू वर उडवलं. ओला पोतेरा फेकावा तसं ते समोर पडलं. दुसऱ्यांदा उडवलं, दुसऱ्यांदा पडलं. खांबावर जोडीदारीण बसली होती, ती या वेळी ओरडली नाही, नुसती पाहत राहिली. गावातून कोणीतरी हाक घातली, मुखरूभाऊ, चला लवकर, महाराज तुमची वाट पाहून राह्यले. मुखरूनं पाखरू उचललं, मोहाच्या ढोलीत ठेवलं. घरच ते त्याचं, इथं त्याला बरं वाटेल, असं मनाशी म्हणाला, आणि धोतर सावरत मांडवाकडे पळाला.

त्या संध्याकाळचं कीर्तन असं झालं, की ज्यांनी ऐकलं ते अजून सांगतात. महाराजांनी सगळं बाजूला ठेवून मुखरूचंच आख्यान लावलं. रानातलं पाखरू, ना दाणा ना दोरी, भक्ताच्या हाकेला हातावर उतरतं. मग आपल्या हाकेला देव का उतरणार नाही? आपली हाकच खोटी असते, बाबांनो. झांजा कडाडल्या. मुखरूला पुढे बोलावून महाराजांनी आपल्या गळ्यातला हार त्याच्या गळ्यात घातला. मुखरू ढसाढसा रडला, आणि ते अश्रू खोटे नव्हते. रडता रडता त्याला आठवत होतं, की ढोलीचं तोंड आपण झाकलं नाही. महाराजांच्या तबलजीनं टेपरेकॉर्डर समोर ठेवला होता. त्यात सगळं उतरत होतं, झांजा, जयजयकार आणि त्याचे हुंदकेसुद्धा.

सकाळी ढोलीला लाल मुंग्यांची रांग लागली होती. आत काय उरलं, ते त्यानं हात घालून पाहिलं आणि हात बोडीच्या पाण्यात धुतला.

रविवारी नईम आला. खांबावर एकटंच पाखरू पाहून त्यानं भुवया उंचावल्या. मुखरूनं दुर्बिणीची काच पुसता पुसता सांगितलं, की शिकऱ्यानं झडप घालून नेला. नईमला वाईट वाटलं. तो म्हणाला, शिकऱ्याचं भी पेट आहे, भाऊ. आणि शिऱ्याचा मोठा वाटा त्यानं मुखरूपुढे सारला.

हिवाळा गेला. एका बाजारच्या दिवशी मुखरू नईमच्या दुकानात बाकावर बसला होता. नवरगावकडच्या एका गिऱ्हाईकाचा टेप दुरुस्त झाला होता, आणि तो न्यायला ते दारात उभं होतं. आवाज बरोबर येतो का, ते पाहायला नईमनं आत होती तीच कॅसेट चालू केली. झांजा वाजल्या, आणि मागून तापवल्या तुपासारखा आवाज आला: बोडीटोल्याचा मुखरू...

नईमचं बोट बटनावर होतं. त्यानं ते दाबलं नाही. पूर्ण आख्यान त्यानं ऐकलं, हारापर्यंत, हुंदक्यांपर्यंत, शेवटच्या जयजयकारापर्यंत. दसऱ्याचा दिवस, हातावरचं पाखरू, सगळं. बोडीटोल्यात नीलकंठ किती होते आणि त्यातला कोणता गेला, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं.

"म्हंजे शिकऱ्याले हार घातला गावानं," तो इतकंच म्हणाला.

हाराचं नाव ऐकून गिऱ्हाईकानं वळून पाहिलं. तुमीच का ते मुखरूभाऊ, म्हणत तो वाकला आणि भर बाजारात त्यानं मुखरूच्या पायांना हात लावला. नईम खाली मान घालून एका घड्याळाचं झाकण उघडू लागला. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पाळीवर आता मुखरू एकटाच बसायचा.

पण पाखरांची जात माणसापेक्षा उदार. उन्हाळ्याच्या तोंडी एकटीला नवा जोडीदार मिळाला. त्याच मोहाच्या ढोलीत, जिथं मुंग्या लागल्या होत्या, तिथं पिल्लांची किचकिच सुरू झाली. मुखरूनं दुर्बिणीतून पाहिलं आणि पाळीवर लोटांगण घातलं. त्यानं मनाशी पक्कं केलं: येत्या दसऱ्याला महाराजांच्या पायांवर डोकं ठेवून खरं सांगायचं. दोरी होती, महाराज. मुठीत होती. हे वाक्य तो पावसाळाभर घोकत राहिला. निंदणीत, रोवणीत, बैल धुताना. पाठ झालेल्या अभंगासारखं ते जिभेवर बसलं होतं.

दसरा आला. कॅसेट गावोगाव फिरली होती. मूल, नागभीड, ब्रह्मपुरीकडून जीपा भरभरून लोक आले. पाळीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. या वेळी महाराजांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं. वर्षभरात ते अर्धे झाले होते. सदऱ्यात माणूस आहे की नाही, असं वाटावं. खांबावर नीलकंठांची जोडी बसली होती, शेजारी यंदाचं एक पिल्लूही. दोन होती खरं तर, दुसरं कालपासून दिसत नव्हतं.

मुखरू खुर्चीजवळ वाकला. दोरी होती, म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण महाराजांनीच त्याचा हात धरला.

"मुखरू, वर्षभर एकच गोष्ट धरून जगलो रे," ते म्हणाले. "ते काळीज या बोटांखाली अजून धडधडतं. आता पुन्हा दसरा नाही मला. बोलाव त्याला."

मुखरू सरळ झाला. सगळी पाळ त्याच्याकडे पाहत होती. आणि त्याच्या मनात, कसं कोण जाणे, खरंच आलं, की येईलही. इतक्या लोकांची भक्ती आहे, म्हाताऱ्याचं पुण्य आहे. त्यानं उजवा हात लांब केला, तळवा उघडला आणि डोळे मिटले, या वेळी दोन्ही. वारा धानावरून जात होता.  जन्मात कधी केली नव्हती अशी प्रार्थना मुखरूनं तिथं केली.

खांबावरचं पाखरू उठलं. बोडीवरून आडवं, सावकाश, पंखांतली सगळी निळाई उन्हात उघडी करून ते पलीकडच्या काठाला निघून गेलं. मागोमाग दुसरं, मग पिल्लू. मुखरूनं डोळे उघडले तेव्हा त्यांच्या पाठी दिसत होत्या. आजवरच्या कोणत्याही दसऱ्याला इतकं देखणं दर्शन झालं नव्हतं. पण हात कोणी जोडले नाहीत. सगळे त्याच्या रिकाम्या तळव्याकडे पाहत होते.

"आला का?" महाराजांनी विचारलं.

लोकांत कुजबुज सुरू झाली. नवरगावचं ते गिऱ्हाईक पुढच्या ओळीत होतं, त्याचा चेहरा उतरला. सरपंच मुखरूच्या कानाशी आले आणि म्हणाले, गावाच्या इज्जतीचा सवाल आहे, मुखरू. त्यांच्या मागं इतवारी उभा होता, फडकं झाकलेली टोपली घेऊन. या वेळी त्याला चाल कोणी सांगितली नव्हती. ती त्याला आता पाठ होती.

"यंदाचं पिल्लू आहे, भाऊ," तो हळूच म्हणाला. "चिक कमी लावला. तुमच्यासाठी."

मुखरू टोपलीकडे पाहत राहिला. वर्षभर घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. मग त्यानं फडक्याखाली हात घातला. दोरी बोटांना आपसूक सापडली, आणि मूठ आपसूक मिटली.

"बसला का रे?" महाराजांचा हात हवेत चाचपडत होता.

"बसला, महाराज," मुखरू म्हणाला, आणि त्यानं ती बोटं धरून पिल्लाच्या छातीवर ठेवली.